दुसऱ्याच्या आकड्यांखाली आपला क्रमांक

आयकराचे विवरणपत्र ज्यांनी कधी कागदावर पाहिले असेल, त्यांना त्याच्या शेवटचा एक लहानसा रकाना आठवत असेल. करदात्याची प्रतिज्ञा आणि सही संपली की त्याखाली विचारलेले असे: हे विवरणपत्र ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ने तयार केले असल्यास त्याचा ओळख क्रमांक, त्याचे नाव व त्याची प्रतिस्वाक्षरी. बहुतेकांच्या कागदावर हा रकाना कोराच राही. कागद दुसऱ्या कोणी भरला नव्हता असे मात्र नव्हे. भरणारा होताच, परंतु त्याच्यापाशी असा क्रमांक नसे, आणि ज्याच्यापाशी क्रमांक नाही त्याचे नाव लिहिण्याचे कारणही कोणास वाटत नसे.

त्या कोऱ्या रकान्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो मनुष्य मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने दुसऱ्याची हकीकत लिहितो, तो त्या हकीकतीच्या खरेपणास किती बांधील असतो? सही दुसऱ्याची, कमाई दुसऱ्याची, दंड झाला तर तोही दुसऱ्याला. मग लिहिणाऱ्याचे आपले असे त्यात काय उरते? आणि शासनाने त्याला एक क्रमांक दिला, तर त्या क्रमांकाने त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीत काही भर पडते काय?

हा प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून तो विश्रांतवाडीत आणून पाहू. पुण्याच्या उत्तरेस आळंदी रस्त्यावर वसलेले हे उपनगर. आषाढीच्या वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघीवरून, याच वाटेने पुण्यात येते. एका अंगास धानोरी आणि लोहगाव, दुसऱ्या अंगास येरवडा. खडकीचा दारूगोळा कारखाना, दिघीची संरक्षण संशोधन संस्था, लोहगावचा हवाई दलाचा तळ ही सारी हाकेच्या अंतरावर. साहजिकच येथे निवृत्तिवेतनावर जगणारी आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवणारी घरे पुष्कळ. निवृत्त हवालदार, रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षिका, कारखान्यातील फिटर अशा माणसांच्या हाती दरवर्षी ‘फॉर्म १६’ पडतो. त्यातील इंग्रजी आणि आकडे त्यांना नीट उमगत नाहीत. मग झेरॉक्सच्या दुकानातील, वा ओळखीच्या घरातील, बी. कॉम. झालेला एखादा तरुण गाठून “जरा आमचे रिटर्न भरून दे बाबा” असे म्हटले जाते. हा तरुण आपल्या धर्मग्रामातलाही असू शकतो. त्याच्या आणि त्या हवालदाराच्या मध्ये जे घडते, त्याचाच हा विचार आहे.

लिहिणारा आणि न वाचणारा

लिहिता येणारा आणि वाचता न येणारा यांच्यातील नाते महाराष्ट्राला नवे नाही. गावचा कुलकर्णी जमाखर्च लिही आणि शेतकरी त्याखाली अंगठा उठवी. त्या लेखणीच्या बळावर अडाणी शेतकऱ्याची कशी नागवण होते, हे पुण्याच्याच जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात परखडपणे मांडले. त्यांच्या टीकेचे मर्म आजही ध्यानात घेण्याजोगे आहे. अंगठा शेतकऱ्याचा असला, तरी त्या कागदातील सत्य किंवा असत्य लेखणी धरणाऱ्याने घडविलेले असते.

आज अंगठ्याची जागा सहा अंकी ओटीपीने घेतली आहे. विवरणपत्र संगणकावर भरले जाते, करदात्याच्या मोबाइलवर आकडे येतात, आणि फोनवरून तो ते सांगून टाकतो. आपण नुकतीच सही केली, आणि सहीच्या वर ‘ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर व पूर्ण आहे’ अशा अर्थाची प्रतिज्ञा होती, हे सांगणाऱ्याच्या गावीही नसते. पदवीधर मनुष्यही या क्षणी फुल्यांच्या काळातील शेतकऱ्याच्या जागी उभा असतो.

२००६ ची योजना

लिहिणाऱ्याला नाव-गाव असावे, तो अंधारात राहू नये, असा एक प्रयत्न केंद्र शासनाने २००६ साली केला. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात १३९ ब हे कलम आले आणि २८ नोव्हेंबर २००६ रोजी ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ योजना अधिसूचित झाली. विधी, वाणिज्य, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांतील तरुण पदवीधरांना प्रशिक्षण द्यावयाचे, प्रमाणपत्र द्यावयाचे आणि प्रत्येकास एक स्वतंत्र ओळख क्रमांक द्यावयाचा, अशी ही कल्पना. सनदी लेखापाल व वकील यांना तीत स्थान नव्हते, कारण त्यांचा अधिकार वेगळ्या कलमाने आधीच मान्य झालेला होता. ज्यांच्या हिशेबाला लेखापरीक्षण लागत नाही, अशा लहान करदात्यांसाठी ही योजना होती. त्यांचे विवरणपत्र भरल्यावर त्या तरुणाने त्याखाली आपले नाव, क्रमांक आणि सही घालावयाची होती.

मोबदल्याची रचना मोठी विचार करण्यासारखी होती. नव्या करदात्याच्या पहिल्या वर्षीच्या विवरणपत्रावर, त्याने भरलेल्या कराच्या ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २ टक्के आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का इतकी रक्कम शासन त्या तरुणाला देणार; मर्यादा मात्र १००० रुपयांची. ही रक्कम २५० रुपयांपेक्षा कमी भरली, तर उरलेला फरक करदात्याकडून घेण्याची मुभा होती. म्हणजे तो बसणार हवालदाराच्या ओसरीवर, त्याची गुपिते ऐकणार, आणि पैसे घेणार प्रामुख्याने सरकारी खजिन्यातून. तेही कर जितका जास्त तितके जास्त!

येथे प्रश्न पडतो, की हा तरुण कोणाचा सेवक? करदात्याचा म्हणावे, तर त्याचा लाभ करदात्याने अधिक कर भरण्यात आहे. शासनाचा म्हणावे, तर करदात्याने त्याला विश्वासाने घरात घेतले आहे. शासनाने लावलेली १००० रुपयांची मर्यादा शहाणपणाची होती यात शंका नाही, कारण तिने लोभाला कुंपण घातले. तरीही मोबदला ज्या अंगाला झुकलेला असतो त्या अंगाला मन झुकू लागते, हा मानवी स्वभाव कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही.

मक्त्याचा जुना रोग

इतिहासात हा रोग फार जुना आहे. रोमन जगात कर-वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत होती. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारला द्यावी आणि त्यावर जे मिळवील ते त्याचे. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती अशाच इजाऱ्याने दिल्या जात, आणि अधिक बोली करणारा इजारदार ती रक्कम रयतेकडून वसूल करी. दोन्हीकडे दोष वसूल करणाऱ्या माणसाच्या स्वभावात होता, त्याहून अधिक त्याच्या मोबदल्याच्या रचनेत होता.

म्हणूनच शुभवर्तमानात जकातदार हा शब्द पापी या शब्दाच्या शेजारी बसलेला दिसतो. परंतु त्याच शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि आपण काय करावे असे त्यांनी विचारले. योहानाने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. संत मत्तयाने जकातनाका सोडला. जक्कयाला मात्र तसे सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानात कोठेही नाही. त्याने आपण होऊन अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. अर्थात आकड्यांचा धंदा स्वतः अपवित्र नाही. जकातदार मत्तयाला ख्रिस्तसभेने हिशेबनिसांचा आश्रयदाता संत मानले आहे, यातही हाच आशय आहे.

शिडी धरणारा चाकर

आता जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळू. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ नावाचा आणखी एक नोंदणीकृत विवरणपत्र-लेखक जन्मास घातला. त्याने अर्ज करावयाचा, परीक्षा द्यावयाची, नोंदणी मिळवावयाची. नियम सांगतो की त्याने पूर्ण दक्षतेने विवरण तयार करावे. पण त्याच कलमात हेही स्पष्ट म्हटले आहे की, भरलेल्या माहितीच्या अचूकतेची जबाबदारी ज्याच्या वतीने ती भरली त्या व्यापाऱ्यावरच राहील. आयकरातही प्रतिज्ञा करदात्याची असते, आणि १९६१ च्या कायद्यात उत्पन्नाची माहिती खोटी दिल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड ठेवलेला होता, तो करदात्यावरच.

कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. आपले उत्पन्न किती हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. परंतु यावरून लिहिणारा जर असा निष्कर्ष काढू लागला की, ‘जबाबदारी त्याची, मी फक्त आकडे टाकले,’ तर तो कायद्याकडून अशी सवलत मागतो, जी नीती त्याला देत नाही. कॅथलिक नीतिशास्त्राने दुसऱ्याच्या दुष्कृत्यात होणाऱ्या सहकार्याचा फार बारकाईने विचार केला आहे. दुष्कृत्याचा हेतूच आपला मानून केलेले साहाय्य हे एक. आणि हेतू मान्य नसताना आपल्या हातून त्या कृत्यास मिळालेली मदत हे दुसरे. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपली मदत कृत्याच्या किती निकट आहे आणि ती देण्यास कारण किती गंभीर आहे, हे पाहावे लागते. वाईट हेतूने खिडकीवाटे परक्या घरात शिरणाऱ्या धन्याला जाणूनबुजून शिडी धरून देणारा चाकर, नुकसानीच्या भीतीने तसे करीत असेल तर गंभीर पापात पडत नाही, असे एक मत सतराव्या शतकात मांडले जाई. पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली ते त्याज्य ठरविले.

विवरणपत्र भरणारा याहून दूर उभा नाही. घरभाड्याची पावती खोटी आहे हे ठाऊक असताना जो तिचा आकडा रकान्यात टाकतो, त्याने शिडीच धरलेली असते. त्याच्या हाताखेरीज ते असत्य खजिन्यापर्यंत पोचत नाही.

याहूनही फसवी एक अवस्था आहे. ‘पावती खरी की खोटी, हे मी विचारतच नाही, विचारले नाही म्हणजे मला ठाऊक नाही,’ असे पुष्कळजण म्हणतात. संत थॉमस अक्वायनस यांनी अशा अज्ञानाचा विचार केला आहे. मोकळेपणाने पाप करता यावे म्हणून मनुष्य जे अज्ञान हेतुपुरस्सर पत्करतो, ते दोष कमी करीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तरुण विवरणपत्र-लेखकासमोरचा मोह बहुधा याच रूपाने येतो. उघड खोटे लिही असे त्याला क्वचितच कोणी सांगते. “तू बघ काय ते, मागच्या वर्षीपेक्षा रिफंड जास्त यायला हवा,” एवढेच म्हटले जाते, आणि बाकीचे त्याने समजून घ्यावयाचे असते.

परताव्याचे दलाल

हा केवळ कल्पनेतील धोका नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर अनेक ठिकाणी पडताळणीची मोहीम हाती घेतली. महाराष्ट्रही तीत होता. पैसे घेऊन विवरणपत्रे भरून देणारे काही मध्यस्थ पगारदारांच्या नावाने घरभाडे, देणग्या, वैद्यकीय विमा, शैक्षणिक कर्ज यांच्या बनावट वजावटी दाखवून परतावे काढीत, असे त्यात आढळले. काहीजण आपला मोबदला कमिशनवर ठरवीत. कित्येकांनी तात्पुरते ई-मेल पत्ते देऊन विवरणपत्रे भरली आणि मग ते सोडून दिले. परिणामी खात्याच्या नोटिसा करदात्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. खात्याने असेही सांगितले की, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

यातील अन्यायाचा एक पदर विशेष दुःखद आहे. मध्यस्थ आपला हिस्सा घेऊन निघून जातो. कागदावर त्याचे नाव नसते. उरतो तो करदाता, ज्याला आपल्या नावाने काय लिहिले गेले हेही ठाऊक नसते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला इतके एकाकी सोडणे, हे चोरीविषयीच्या सातव्या आणि खोट्या साक्षीविषयीच्या आठव्या अशा दोन्ही आज्ञांचे उल्लंघन होय.

दुसरीकडे, त्या चाळीस हजारांची गोष्ट मन उभारी धरील अशीही आहे. चूक झालेले विवरणपत्र नंतर दुरुस्त करून, अधिकचा कर भरून मोकळे होण्याची वाट २०२२ सालच्या वित्त कायद्याने खुली केली. जक्कयाच्या चौपटीइतकी ती कठोर नाही. पण परत केल्याखेरीज पश्चात्ताप पुरा होत नाही, हे तत्त्व तिच्यातही आहे.

क्रमांक काय करतो, काय करीत नाही

आपल्यापैकी अनेकांचे आप्त अमेरिकेत आहेत. तेथे २०११ पासून, मोबदला घेऊन आयकर विवरणपत्र तयार करणाऱ्या प्रत्येकास शासनाचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि विवरणपत्रावर तो घालून सही करावी लागते. पैसे घेऊनही जो सही करीत नाही त्याला तेथे ‘भूत’ म्हणतात! त्या शासनाने पुढे जाऊन अशा लेखकांची परीक्षा घेण्याचेही योजिले होते. काही विवरणपत्र-लेखक न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने आणि २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की, कायद्याने परीक्षा घेण्याचा अधिकार खात्याला दिलेला नाही. परीक्षा गेली, क्रमांक राहिला.

या निकालाने, नकळत का होईना, एक भेद ठळक केला. क्रमांक लिहिणारा कोण हे सांगतो. तो जाणकार आहे काय, प्रामाणिक आहे काय, हे सांगत नाही. लबाडालाही क्रमांक मिळू शकतो, आणि धर्मग्रामातील एखाद्या विधवेचे कागद फुकट भरून देणारा सज्जन क्रमांकाविनाही नेक असू शकतो. अमेरिकेतही विनामूल्य सेवा करणाऱ्या स्वयंसेवकास हा क्रमांक लागत नाही. मोबदला हाती घेतला की क्रमांक लागतो, हे सूत्र मला फार अर्थपूर्ण वाटते. पैसे घेतल्याने सेवा हलकी होत नाही. पण विश्वास आणि लाभ ज्या क्षणी एकत्र येतात, त्या क्षणापासून मनुष्याने आपले नाव झाकून ठेवता कामा नये.

मग क्रमांक निरुपयोगी काय? मुळीच नाही. आठव्या आज्ञेचे पालन साक्षीदाराने साक्षीला उभे राहण्यापासून सुरू होते. ज्याचा क्रमांक कागदावर आहे त्याला शोधता येते, प्रश्न विचारता येतो. आपल्याला विचारले जाईल, ही जाणीव दुर्बल मनाला आधार देते. “काका, यावर माझाही क्रमांक जातो, खोटे घालता येणार नाही,” असे म्हणणे त्या तरुणास सोपे जाते. ‘नाही’ म्हणण्यासाठी एखादे निमित्त हाताशी असणे ही मोठीच मदत आहे.

येथे कोणी रास्तपणे विचारील की, मोठमोठे बुडवे मोकळे फिरत असताना हवालदाराच्या चार पावत्यांवर एवढा काथ्याकूट कशाला? पगारदाराचा कर तर हाती येण्याआधीच कापला जातो! ही तक्रार खोटी नाही, आणि करांचा बोजा न्याय्य असावा अशी मागणी करणे हा नागरिकाचा हक्कच आहे. परंतु दुसऱ्याच्या मोठ्या असत्याने आपले लहान असत्य खरे होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, न्याय्य कर चुकविणे हे केवळ व्यक्तिनिष्ठ नीतीचे लक्षण म्हणून दाखविले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही करचुकवेगिरी सातव्या आज्ञेखाली मोडते. सरकारी रुग्णालयात आपल्यापेक्षा गरीब मनुष्य औषधासाठी रांगेत उभा असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे खजिना परका राहत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यासाठी ठरविण्यात आली. कलमांचे आकडे बदलतात, नमुने बदलतात. लिहिणाऱ्याचे कर्तव्य बदलत नाही. ते फार अवघडही नाही. आपला मोबदला परताव्याच्या टक्केवारीवर न ठरविता कामावर ठरवावा. पावती पाहिल्यावाचून तिचा आकडा घालू नये. ई-मेल व मोबाइल करदात्याचाच द्यावा, म्हणजे त्याची पत्रे त्याच्याच हाती पडतील. भरलेले विवरणपत्र ओटीपी मागण्याआधी त्याला मराठीत वाचून दाखवावे, आणि एक प्रत त्याच्याजवळ ठेवावी. त्याच्या घरचे जे कळले ते चौकात बोलू नये. करदात्यानेही आपल्या परीने एवढे करावे: वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नये, आणि आपल्या मुलाच्या वयाच्या तरुणाला खोटे लिहावयास लावू नये.

आपल्या धर्मग्रामांतून वाणिज्य शाखेचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी काहींनी रीतसर परीक्षा देऊन, नोंदणी करून हे काम हाती घ्यावे, असे मनापासून वाटते. कारण ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो खरेपणाने वाचणे, ही शेजारधर्माची सेवाच आहे. त्यांचा क्रमांक शासनाच्या दफ्तरी राहील. तो कोणत्या आकड्यांखाली घातला, याचा जाब त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्यांना विचारीत राहील, आणि तिला उत्तर देता यावे एवढी तयारी त्यांनी पहिल्या विवरणपत्रापासूनच ठेवावी.